मेक्सिको सिटीतून शनिवार-रविवारची भटकंती: लांब पल्ल्याच्या बसगाड्या विद्यार्थ्यांच्या कितपत कामाच्या?

मेक्सिको सिटीत एखाद-दोन सत्रांसाठी शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ओळखी वर्गात होतात, पण मैत्री पक्की होते ती शनिवारच्या सहलीत. बुधवार-गुरुवारपासून वर्गाच्या ग्रुपवर नावं फिरायला लागतात: प्वेब्ला, तास्को, ग्वानाहुआतो, ओआहाका. यांतल्या एकाही गावाला राजधानीतून थेट प्रवासी रेल्वे नाही. गाडी भाड्याने घ्यायची तर महामार्गावरचा टोल आणि पार्किंग मिळून खर्च बसच्या वर जातो. उरते ती बस, आणि मेक्सिकोची पहिल्या वर्गाची बस ही खरोखर चांगली सेवा आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सहा-सात तासांपर्यंतच्या प्रवासाला बसला तोड नाही. त्यापुढच्या अंतराला विमान बघावं. आणि सहल फसते तेव्हा दोष बहुतेक वेळा गाडीचा नसतो. चुकीचा स्टँड, चुकीचा वार किंवा परतीच्या तिकिटाची हयगय, या तिघांपैकी काहीतरी नडतं. म्हणून इथे गाडीच्या गादीपेक्षा या तीन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

आधी स्टँड ठरवा, मग गाडी

शहरात लांब पल्ल्याचे चार मोठे स्टँड आहेत, चार दिशांना चार. पूर्वेला 'तापो': मेट्रोची लाइन 1 आणि लाइन बी जिथे भेटतात त्या सान लासारो स्टेशनला लागून. प्वेब्ला, ओआहाका, हलापा, वेराक्रूस इथून. उत्तरेला 'सेंत्राल देल नोर्ते': लाइन 5 वरचं आउतोबुसेस देल नोर्ते स्टेशन. केरेतारो, ग्वानाहुआतो, सान मिगेल दे आयेंदे, ग्वादालाहारा आणि तेओतिहुआकानचे पिरॅमिड इथून. दक्षिणेला तास्केन्या, लाइन 2 चं शेवटचं स्टेशन: कुएर्नावाका, तेपोस्त्लान, तास्को. पश्चिमेला ओब्झर्वातोरिओ, लाइन 1 चं टोक: तोलुका, वाये दे ब्रावो, मोरेलिया.

एका टोकाच्या स्टँडवरून दुसऱ्या टोकाच्या स्टँडला मेट्रोने जायला तासभर सहज लागतो. 'आम्ही तास्केन्याला उभे आहोत, तू कुठे?' 'तापोला.' असा संवाद झाला की ती सहल तिथेच मोडली. ग्रुपवर गाडीची वेळ टाकताना स्टँडचं आणि मेट्रो स्टेशनचं नाव सोबत टाकायची सवय लावा.

राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या (यूएनएएम) मुख्य परिसराजवळ, म्हणजे सिउदाद उनिवेर्सितारियाच्या आसपास राहणाऱ्यांना तास्केन्या सर्वांत जवळचा. तापो आणि नोर्ते लांब, तिथे सकाळच्या गाडीसाठी घरून दीड तास आधी निघावं. मेट्रो सोमवार ते शुक्रवार पहाटे 5 ला, शनिवारी 6 ला आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी 7 ला सुरू होते. शनिवारी सहाची गाडी मेट्रोने गाठता येणार नाही, हे गणित तिकीट काढण्याआधीच करायचं.

वर्ग: कशाला पैसे मोजावेत, कशाला नको

पूर्व आणि दक्षिण-पूर्व भागात आदेओ या समूहाचं राज्य आहे. समूहाच्या गाड्यांची उतरंड अशी: 'आऊ' ही स्वस्त आणि जास्त थांबे घेणारी, 'आदेओ' हा साधा पहिला वर्ग, 'आदेओ जीएल' त्याच्या वर आणि 'आदेओ प्लातिनो' सर्वांत वर. आपल्याकडच्या हिशेबाने साधी आदेओ म्हणजे शिवनेरीच्या जवळपास, आणि प्लातिनो तिच्याही दोन पायऱ्या वर.

साध्या आदेओत दोन-दोनच्या ओळी, मागे एक टॉयलेट, वातानुकूलन आणि समोरच्या पडद्यावर स्पॅनिशमध्ये डब केलेला सिनेमा. चार तासांपर्यंत यापेक्षा जास्त काही लागत नाही. जीएलमध्ये पाय लांब करायला जास्त जागा आणि स्त्री-पुरुषांची वेगळी टॉयलेट. प्लातिनोत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच खुर्ची. खुर्ची बरीच मागे जाते, पायाला आधार असतो, रात्रीची झोप खरंच लागते.

उत्तरेकडच्या मार्गांवर ईटीएन आणि प्रिमेरा प्लस या दोघांत निवड असते. ईटीएनमध्येही दोन-एकची मांडणी. एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलीला शेजारी अनोळखी माणूस नको असेल तर एकेरी खुर्चीसाठी थोडे जास्त पैसे मोजणं रास्त आहे. प्रिमेरा प्लस मधल्या किमतीत चांगली सेवा देते. केरेतारोच्या तीन तासांसाठी तेवढी पुरेशी आहे, तिथे ईटीएनचा हट्ट नको.

आमचा कौल असा: दिवसाच्या प्रवासाला साधा पहिला वर्ग, रात्रीच्या ओआहाका गाडीला जीएल, आणि पोहोचल्या पोहोचल्या दिवसभर चालायचं असेल तर प्लातिनो. आऊ किंवा इतर दुसऱ्या वर्गाच्या गाड्यांत वाचणारे पैसे थांब्यांमुळे वेळेत जातात, आणि दीड दिवसाच्या सहलीत वेळच महाग असतो.

जागा निवडताना नकाशात शेवटच्या दोन-तीन ओळी टाळा. टॉयलेटचा वास आणि दाराची उघडझाप तिथे रात्रभर चालते. अगदी पहिली ओळही नको: समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात. तिसऱ्या ते आठव्या ओळीतली खिडकी सर्वांत चांगली.

आता या गाड्यांचा सर्वांत मोठा दोष: थंडी. एसी इतका जोरात असतो की मे महिन्यातही जॅकेट लागतं. चालकाला सांगून फारसा फरक पडत नाही. पूर्ण बाह्यांचा जाड कपडा, मोजे आणि कानात घालायला काहीतरी, हे पायाशी ठेवायच्या पिशवीत असू द्या. डिकीत टाकलेल्या बॅगेतलं जॅकेट सकाळपर्यंत मिळत नाही. दुसरा दोष वायफायचा. गाडीवर खूण असते, पण डोंगरात नेटवर्क जातं. नकाशा आणि राहायच्या जागेचा पत्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

तिकीट आणि सवलत

भाडं ठरलेलं नसतं. त्याच गाडीच्या त्याच जागेचं भाडं आठवडाभर आधी कमी आणि आदल्या दिवशी जास्त असू शकतं. ओआहाकाचं पहिल्या वर्गाचं एका बाजूचं तिकीट हजार पेसोंच्या आगेमागे धरा, पण तारखेप्रमाणे ते बरंच वरखाली होतं. प्वेब्लाचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. प्वेब्लाला गाड्या इतक्या आहेत की तिथे आगाऊ आरक्षणाची घाई नाही, स्टँडवर जाऊन पुढची गाडी पकडली तरी चालतं. ओआहाका, ग्वानाहुआतो आणि सान मिगेल मात्र निदान आठवडाभर आधी.

भारतातलं कार्ड घेऊन आलेल्यांची अडचण इथे सुरू होते. कंपनीच्या अॅपवर परदेशी कार्ड कधी चालतं, कधी कारण न देता नाकारलं जातं. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये परदेशातले ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का हे आधी बघा, आणि ओटीपी भारतातल्या नंबरवर येत असेल तर ते सिम फोनमध्ये रोमिंगवर जिवंत ठेवा. तरी जमलं नाही तर दोन वाटा आहेत. एक, ऑनलाइन जागा धरून ऑक्सो या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात रोख पैसे भरायचे. मिळालेल्या कोडला मुदत असते, ती संपली की जागा गेली. दुसरी, सरळ तिकीट खिडकीवर जायचं. खिडकीवर पासपोर्टवरचं नाव कागदावर लिहून दाखवा. आपली नावं बोलून सांगितली की तिकिटावर भलतीच उमटतात, आणि सवलतीच्या तिकिटावर नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं.

विद्यार्थी सवलतीबद्दल बरेच गैरसमज आहेत. वर्षभर चालणारी सरसकट सवलत नाही. शैक्षणिक दिनदर्शिकेतल्या सुट्ट्यांच्या काळात, म्हणजे ईस्टरआधीचा पवित्र आठवडा, उन्हाळी सुट्टी आणि डिसेंबरमध्ये, विद्यार्थ्यांना 50 टक्के आणि शिक्षकांना 25 टक्के सूट मिळते. प्रत्येक गाडीत अशा जागा मोजक्या असतात, त्या आधी संपतात. मेक्सिकोतल्या संस्थेचं, चालू सत्राची नोंद असलेलं ओळखपत्र लागतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड किंवा भारतातल्या कॉलेजचं कार्ड दाखवून खिडकीवर वाद घालू नका, उपयोग होत नाही. प्लातिनोसारख्या वरच्या वर्गांत सवलत धरून चालू नका. सत्राच्या मधल्या साध्या शनिवारी सवलत नाहीच, तेव्हा आधी तिकीट काढणं हीच खरी बचत.

स्वस्त आगाऊ तिकिटाची दुसरी बाजू अशी की त्यात तारीख बदलणं किंवा पैसे परत मिळणं बहुधा बसत नाही. ग्रुपमध्ये दोघे-तिघे 'बघतो, सांगतो' म्हणणारे असतील तर त्यांची तिकिटं त्यांनाच काढू द्या.

काय बिघडतं आणि का

शुक्रवारी संध्याकाळी शहरातून बाहेर पडणारे सगळे रस्ते तुंबतात. तापोहून निघालेली गाडी काल्सादा सारागोसावर अडकते आणि प्वेब्लाचे दोन तास साडेतीन होतात. रविवारी संध्याकाळी हेच उलट्या दिशेने. कुएर्नावाकाकडून येणारा महामार्ग त्लाल्पानच्या टोलनाक्याआधी तासतासभर हलत नाही. उपाय साधा आहे: शनिवारी सकाळी सातच्या आत निघा, आणि रविवारी दुपारी तीनच्या आत किंवा रात्री नऊनंतर परता. सोमवारी सकाळी आठचा तास असेल तर दुपारचीच गाडी. रात्री उशिरा स्टँडवर उतरून पुढे घरी जायचं असतं, हे विसरू नका. मेट्रो बारापर्यंतच आहे.

'पुएंते' म्हणजे जोडून आलेली सुट्टी. फेब्रुवारीचा पहिला सोमवार, मार्चचा तिसरा सोमवार आणि नोव्हेंबरचा तिसरा सोमवार हे तीन पक्के. त्यात 16 सप्टेंबरचा स्वातंत्र्यदिन आणि 1–2 नोव्हेंबरचा दिया दे मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस, मिळवा. या दिवसांत निम्मं शहर बाहेर पडतं. दिया दे मुएर्तोसला ओआहाका बघायचं असेल तर गाडीच्या आधी राहायची जागा धरावी लागते, आणि तीही काही महिने आधी. जुलैत ओआहाकाचा ग्वेलागेत्सा हा लोकनृत्याचा उत्सव आणि ऑक्टोबरात ग्वानाहुआतोचा सेर्वान्तिनो महोत्सव यांचंही तेच. सत्र सुरू झाल्याबरोबर या तारखा वहीत उतरवून घ्या.

सामानाचा नियम सोपा आहे. डिकीत 25 किलोपर्यंत जादा पैसे न देता ठेवता येतं. बॅग दिली की चिठ्ठी मिळते, आणि उतरल्यावर त्या चिठ्ठीशिवाय बॅग हातात येत नाही. लॅपटॉप, पासपोर्ट आणि पैसे डिकीत नकोत, वरच्या रॅकवरही नकोत. पायात ठेवा, आणि झोपताना पिशवीचा पट्टा पायात अडकवा. महामार्गांवर लूटमारीच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून रात्री थांबे घेत जाणारी गाडी टाळून थेट जाणारीच घ्यावी. गाडीत चढण्याआधी झडती घेतात, काही ठिकाणी प्रवाशांचे चेहरेही टिपतात. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही.

पहाटे परतणाऱ्यांसाठी: रविवारी पाच वाजता तापोला उतरलात तर मेट्रोला दोन तास आहेत. स्टँडच्या आतल्या खिडकीवर अधिकृत टॅक्सीचं तिकीट मिळतं, भाडं भागानुसार ठरलेलं. दारात 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणाऱ्याबरोबर जाऊ नका. अॅपवरची गाडी स्वस्त पडते, पण तिच्यासाठी अंधारात बाहेर रस्त्यावर उभं राहावं लागतं. उजाडेपर्यंत आत बसणं हाही चांगला पर्याय. टॉयलेटच्या फिरत्या दाराला सुटी नाणी लागतात, ती खिशात असू द्या.

तेओतिहुआकान: पहिल्याच शनिवारी

अंतर साधारण 50 किलोमीटर, तासाभराचा प्रवास. नोर्ते स्टँडच्या लांबलचक इमारतीत आठ क्रमांकाच्या दाराकडे जा आणि 'पिरामिदेस' म्हणूनच तिकीट मागा. नुसतं तेओतिहुआकान म्हटलं तर शेजारच्या गावात जाणारी गाडी मिळू शकते. सकाळी लवकर पोहोचा, कारण आत सावली जवळपास नाही आणि उंची 2,300 मीटरच्या आसपास असल्यामुळे ऊन भाजून काढतं. सूर्याच्या पिरॅमिडवर पूर्वीसारखं चढू देत नाहीत, त्यासाठीच आलेल्या मित्रांना हे आधी सांगा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना आणि निवासी कार्ड असलेल्या परदेशी लोकांना अशा पुरातत्त्वस्थळी प्रवेश मोफत असतो. निवासी विद्यार्थ्याने कार्ड सोबत न्यावं, पण रविवारची गर्दीही तितकीच असते.

प्वेब्ला आणि चोलुला

अंतर सुमारे 130 किलोमीटर. जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या. रस्ता चढत पाईनच्या जंगलात शिरतो, आणि त्याच बाजूला इस्ताक्सिउआत्ल आणि पोपोकातेपेत्ल हे दोन ज्वालामुखी दिसतात. सकाळी आकाश स्वच्छ असलं तर पोपोच्या तोंडातून निघणारा धूर स्पष्ट दिसतो. दुपारनंतर बहुधा ढग येतात. परतताना हेच डाव्या बाजूला.

प्वेब्लाचा मुख्य स्टँड 'कापू' गावाच्या मध्यापासून लांब आहे. तिथूनही अधिकृत टॅक्सीचं तिकीट घ्यावं. एका दिवसात प्वेब्लाचा चौक, 1646 मध्ये स्थापन झालेलं पालाफोक्सियाना ग्रंथालय आणि चोलुला एवढं आरामात होतं. चोलुलात टेकडीसारखा दिसतो तो पिरॅमिड आहे, वर चर्च बांधलेलं. विद्यापीठामुळे चोलुलातली संध्याकाळ तरुणांची असते, आणि मेक्सिको सिटीच्या मानाने स्वस्तही. ग्रुपला रात्री थांबायचं असेल तर प्वेब्लापेक्षा चोलुला बरं.

तास्को

तास्केन्याहून तीन तासांच्या आसपास. कुएर्नावाकाच्या आधी महामार्ग तीन हजार मीटरच्या घरात चढतो आणि मग सरसर उतरतो. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पोट हलकं ठेवावं आणि पुढच्या ओळींत बसावं.

तास्कोत घोळ होतो तो स्टँडचा. गावात दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन वेगळे स्टँड आहेत, दोन्ही आवेनिदा दे लोस प्लातेरोस या रस्त्यावर, पण एकमेकांपासून अंतरावर. एकाचं परतीचं तिकीट दुसऱ्याच्या गाडीला चालत नाही. उतरल्याबरोबर, वर गावात जाण्याआधी, परतीचं तिकीट त्याच खिडकीवर काढून घ्या. शनिवारी दुपारनंतरच्या गाड्या भरतात.

शनिवारी चांदीचा बाजार भरतो. शहरातल्या दुकानदारांची घाऊक खरेदीही इथूनच, त्यामुळे सकाळी दहाच्या आत गेलात तर भाव आणि निवड दोन्ही चांगले. दागिन्यावर 925 चा शिक्का बघा. 'अल्पाका' नावाने विकतात त्यात चांदी नसते, तो दुसराच मिश्रधातू. घरच्यांसाठी कानातलं-अंगठी घ्यायला यापेक्षा चांगली जागा मेक्सिकोत नाही. सांता प्रिस्का चर्च 1751 ते 1758 या काळात उभं राहिलं, खाणीतल्या संपत्तीवर. त्याच्या समोरच्या गच्चीवरच्या खानावळीत बसून दुपार घालवावी. चढ तीव्र आहेत, तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत.

ओआहाका: रात्रीची गाडी

460 किलोमीटर, साडेसहा-सात तास. तापोहून रात्री अकराच्या सुमारास निघून पहाटे सहाच्या आसपास पोहोचणारी गाडी घ्यावी. त्याहून लवकर निघालात तर अंधारात उतराल आणि राहायच्या जागेचं दार बंद असेल. आदेओचा स्टँड कुठल्याही टॅक्सीची गरज नाही इतका जवळ आहे, सांतो दोमिंगो चर्चपर्यंत वीसेक मिनिटं चाललं की झालं. सामान स्टँडवरच्या सांभाळघरात ठेवून सरळ बाजारात नाश्त्याला जाता येतं.

शनिवारी सकाळी मोंते अल्बानचे प्राचीन अवशेष, दुपारी जेवण, संध्याकाळी गाव. रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार, आणि रात्रीच्या गाडीने सोमवारी पहाटे परत. हे जमतं, पण सलग दोन शनिवार-रविवार असं करू नये. सोमवारचा तास झोपेत जातो.

ओआहाकात असताना कोणीतरी 'चला, समुद्रावर जाऊ' म्हणतंच. फेब्रुवारी 2024 मध्ये नवा महामार्ग सुरू झाल्यापासून प्वेर्तो एस्कोंदिदो व्हॅनने तीनेक तासांवर आलं आहे. पूर्वी डोंगरातून सहा-सात तास लागत. तरीही दोन दिवसांत ओआहाका आणि समुद्र दोन्ही नको. लांब सुट्टीसाठी ते राखून ठेवा.

ग्वानाहुआतो

पाचेक तास, नोर्तेहून. स्टँड गावाबाहेर, तिथून 'सेंत्रो' लिहिलेली स्थानिक बस बोगद्यांतून गावात उतरवते. विद्यापीठाचं गाव, संध्याकाळी जुन्या पोशाखातले विद्यार्थी गायक गल्ल्यांतून गात फिरतात आणि मागून सगळे चालतात. स्पॅनिश कच्चं असलं तरी यात सामील होता येतं. एक रात्र थांबणं आवश्यक, एका दिवसात जाऊन-येऊन करण्यासारखं नाही.

अर्ध्या दिवसाची एक वेगळी वाट

वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि पुढे शेतीशास्त्रज्ञ, मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवत आणि मक्यावर संशोधन करत. तेच आजचं चापिंगो विद्यापीठ. 2022 मध्ये तिथे लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तापोहून तेश्कोकोला सतत गाड्या सुटतात, चापिंगो त्याच रस्त्यावर आहे. चालकाला 'चापिंगो' सांगून ठेवा, नाहीतर गाडी पुढे तेश्कोको गावात नेते. आवारातल्या छोट्या चर्चमध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने 1920 च्या दशकात रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. निघण्यापूर्वी ते कधी उघडं असतं ते पाहून घ्या. रिव्हेराने खानखोज्यांचंही चित्र काढलं आहे, शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीतल्या भिंतीवर, मेजाच्या डोक्याशी बसून भाकरी मोडताना. ती इमारत मेक्सिको सिटीच्या ऐतिहासिक भागात आहे. मराठी विद्यार्थ्याने मेक्सिकोत येऊन हे दोन्ही न बघता परत जाऊ नये.

मेक्सिकन मित्रांबरोबर

दहाला भेटायचं ठरलं की साडेदहा धरा, पण बसला हे लागू नाही. बस वेळेवर सुटते. म्हणून भेटीची वेळ गाडीच्या पाऊण तास आधीची सांगा. सगळ्यांनी पैसे गोळा करून सामायिक खर्च चालवायच्या पद्धतीला 'वाकिता' म्हणतात. सुरुवातीलाच एकाकडे रोख जमा करा, शेवटी हिशेब काढत बसलात तर मन खट्टू होतं. कोणाच्या गावी, कोणाच्या घरी जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका, मिठाई किंवा फळं पुरेत. भेटताना आणि निघताना प्रत्येकाशी वेगळा निरोप घ्यायचा असतो. लांबूनच हात हलवून निघालं की ते तुटक वाटतं. दुपारचं मोठं जेवण तीनच्या सुमारास होतं, त्यामुळे परतीची गाडी चारची काढू नका. जेवण अर्ध्यावर टाकून उठणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही.

शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं: 'मांस नको' म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते, म्हणून कोंबडी आणि हॅम वेगळं नाव घेऊन नाकारा. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. वाटलेल्या घेवड्यात आणि तामालच्या पिठात डुकराची चरबी असते. ओआहाकाच्या त्लायुदा आणि मेमेला या मक्याच्या पोळ्यांवर 'आसियेन्तो' हा चरबीचाच थर लावतात, 'सिन आसियेन्तो' म्हटलं की लावत नाहीत. प्वेब्लात फक्त चीज, अवाकाडो आणि चिपोत्ले मिरची घातलेली सेमिता (भरलेला पाव) मागा, पोट भरतं. मेक्सिको सिटीत केसादियात, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या पोळीत, चीज आपोआप येत नाही, भोपळ्याच्या फुलांची केसादिया मागताना 'कोन केसो' म्हणा. स्टँडवरच्या ऑक्सोत फळं, दही आणि शेंगदाणे मिळतात, रात्रीच्या गाडीला तेवढं पुरतं.

कागदपत्रं

एका सत्राच्या आतला, 180 दिवसांपर्यंतचा मुक्काम असेल तर पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का किंवा कागद, आणि त्याहून लांब असेल तर तात्पुरत्या निवासी विद्यार्थ्याचं कार्ड. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी आल्यापासून 30 दिवसांच्या आत कार्डाची प्रक्रिया सुरू करायची असते. बसने हिंडताना मूळ कागद जवळ हवा. महामार्गांवर, विशेषतः ओआहाकाच्या पुढे इस्तमो आणि चियापासच्या बाजूला, स्थलांतर खात्याचे लोक रात्रीसुद्धा गाडीत चढून परदेशी दिसणाऱ्यांचे कागद मागतात. फोनमधला फोटो चालेलच असं नाही. प्लास्टिकच्या पाकिटात, हात जाईल अशा खिशात ठेवा.

बस कुठे नको

परदेशी विद्यार्थ्यांसाठी सहली काढणाऱ्या कंपन्यांची पॅकेजं वर सांगितलेल्या गावांना घेऊ नयेत. त्याच गावात मोजका वेळ मिळतो आणि तिथल्या कोणाशी बोलणं होत नाही. हुआस्तेका पोतोसिनाच्या धबधब्यांसाठी मात्र पॅकेज योग्य. सिउदाद वायेसपर्यंत बस जाते, पण पुढे एका धबधब्यावरून दुसऱ्यावर जायला स्वतःचं वाहन लागतं.

कान्कून, मेरिदा, तुलुमला बसने जाऊ नका. मेक्सिको सिटीहून कान्कूनला चोवीस तासांहून जास्त लागतात, आणि आधी काढलेलं स्वस्त विमान तेवढ्याच पैशांत मिळून जातं. विमानतळाचं नाव नीट बघा. 2022 मध्ये सुरू झालेला फेलिपे आन्खेलेस विमानतळ शहरापासून बराच उत्तरेला आहे, तिथे पोहोचायला घरून तीन तास आधी निघावं लागतं. सामानाचं वजन आणि पिशवीचं माप तिकिटावर दिलेलं असतं, दारात मोजतात आणि दंडाची रक्कम तिकिटाइतकी होऊ शकते. आणि कान्कूनचं घड्याळ राजधानीच्या एक तास पुढे असतं. परतीच्या दिवशी फोनवरची वेळ आपोआप बदलली आहे का हे आदल्या रात्रीच तपासा.